भाड्याने घर देणं: मालकाला कायदा आहे, भाडेकरूला कायदा आहे, मधल्या माणसाला कधी?

उंबरठा (पुणे)

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. लांब होईल, सांभाळून घ्या.

कर्वेनगरला आईच्या नावावर एक वन बीएचके आहे. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे आली आणि ते घर नऊ वर्षं कुलपात राहिलं. भाड्याने देऊ म्हटलं की आईचं एकच वाक्य, "मावशीचं झालं ते विसरलीस का?" मावशीने १९७१ साली सदाशिव पेठेतल्या दोन खोल्या एका गृहस्थांना एका वर्षासाठी लिव्ह अँड लायसन्सवर (ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी, भाडेकरूचा हक्क नाही) दिल्या होत्या. मुदत संपली की लायसन्स वाढवून दिलं, ते राहिले. मग १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर राहत होते ते सगळे भाडेकरू ठरले, संरक्षित. गृहस्थ सज्जन होते, भांडण कधी झालं नाही. पण त्या खोल्या मावशीला तिच्या हयातीत परत मिळाल्या नाहीत. स्वतःचा मुलगा भाड्याच्या घरात आणि आपल्या खोल्यांत दुसरे, हे तिने पंचवीस वर्षं पाहिलं. आईच्या मनात कायदा म्हणजे तेवढंच.

शेवटी मीच हट्टाने घर उघडलं. पहिला भाडेकरू चांगला निघाला, दोन वर्षांनी गेला. दुसऱ्या वेळी ओळखीतून एक एजंट आला. म्हणाला, "ताई, रजिस्टर कशाला करता, अकरा महिन्यांचंच तर आहे. स्टँपवर नोटरी करून देतो, चालतं सगळीकडे." मी ऐकलं. माझी चूक तिथे झाली.

मुलगा (भाडेकरू) दीड वर्षाने घर सोडायला निघाला आणि एक लाख वीस हजार डिपॉझिट परत मागितलं. मला मिळाले होते ऐंशी हजार, बँकेतून. मी चिडले, बोलू नये ते बोलले. मग त्याने एजंटचे मेसेज दाखवले. चाळीस हजार त्याने एजंटकडे रोख दिले होते, "मालकांना कॅश हवी आहे" असं सांगून घेतलेले. मी कधी कॅश मागितली नव्हती. एजंटचा फोन तेव्हापासून बंद आहे.

मी मुलाला पूर्ण एक लाख वीस हजार दिले. तो खोटं बोलत नव्हता, आणि माझ्याकडे नोंदणी केलेला कागद नव्हता. आईला अजून सांगितलेलं नाही.

आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली, कायद्याने मी नक्की कुठे उभी होते? दुसरी, मालकाने काय करायचं आणि भाडेकरूने काय करायचं हे कायद्यात आहे, मग ज्याच्या हातात किल्ली आणि पैसे दोन्ही असतात त्याला कोण विचारतो?

---

दस्त

उंबरठा ताई, मी पुण्यातच भाडेकरारांचं काम करतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट आहे आणि ते तुम्हाला आवडणार नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, अमलात आला ३१ मार्च २००० पासून. त्यातलं कलम ५५ सांगतं की भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे. मुदत कितीही असो. "अकरा महिन्यांना नोंदणी लागत नाही" हे इतर राज्यांतून आलेलं आहे, तिथे एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची असते म्हणून अकराचा आकडा रूढ झाला. महाराष्ट्रात अकरा महिन्यांनाही सुटका नाही. नोंदणीची जबाबदारी मालकाची. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे तो दोन लाख म्हणाला असता तरी खोटं ठरवायचं ओझं तुमच्यावर होतं. मुलगा प्रामाणिक होता म्हणून चाळीसवर निभावलं.

आता आईंना सांगायची गोष्ट. मावशींचं जे झालं ते आज होत नाही, आणि त्याचं कारण याच कायद्यातलं कलम २४ आहे. लायसन्सची मुदत संपली आणि माणूस हलला नाही तर मालक दिवाणी कोर्टात न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे) अर्ज करतो. समोरच्याला समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत लढण्याची परवानगी मागावी लागते, नुसतं "मी हरकत घेतो" म्हणून चालत नाही. लेखी करारात जे लिहिलंय तो निर्णायक पुरावा. आणि मुदतीनंतर जितके दिवस राहील तितक्या दिवसांचे दुप्पट दराने पैसे. प्रत्यक्षात तारखा पडतात, महिने जातात, हे मी रोज बघतो. पण पंचवीस वर्षं जात नाहीत.

पुण्यात हिंजवडी-वाकडपासून खराडीपर्यंत जी हजारो घरं भाड्याने मिळतात ती या एका कलमाच्या भरवशावर. मालकाला घर परत मिळेल असं वाटलं तेव्हाच त्याने कुलूप काढलं.

खर्चाचं म्हणाल तर, समजा भाडं २५,००० आणि डिपॉझिट एक लाख, मुदत अकरा महिने. एकूण भाडं २,७५,०००. त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, म्हणजे अकरा महिन्यांचे ९,१६७. या बेरजेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, सुमारे ७१० रुपये. शहरात नोंदणी फी १,०००. हे दोन्ही मिळून सतराशे रुपये, वर घरी येऊन करून देणाऱ्याचे जे असतील ते. अंगठा, फोटो, दोन साक्षीदार, सगळं घरबसल्या.

---

उंबरठा (पुणे)

सतराशे रुपये वाचवायला मी चाळीस हजार घालवले. हा हिशेब आज नीट कळला. धन्यवाद, दस्त.

---

गिरगावकर

ताई, तुमच्या मावशींचं वाचून माझे आजोबा आठवले. आमची चाळ १९३१ची, चौतीस बिऱ्हाडं. मुंबईत १९४७च्या कायद्याने भाडं १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर बांधलं गेलं. फाळणी, टंचाई, स्थलांतर, तेव्हा ते लागणारच होतं, आजोबाही तसंच म्हणत. पण ते उठलंच नाही. १९ डिसेंबर १९९७ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रमाणित भाडं असं गोठवून ठेवणं काळाच्या ओघात मनमानी झालं आहे. त्यानंतर १९९९चा कायदा आला आणि वर्षाला चार टक्के वाढ करायची मुभा मिळाली. कशावर चार टक्के? आमच्याकडे एका खोलीला आज ४८ रुपये येतात. त्यात जिन्याची एक फळी बदलत नाही.

मग लोक म्हणतात मालक दुरुस्ती करत नाहीत. खरं आहे, आम्ही केली नाही. पैसे कुठून आणणार होतो? म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाने टेकू लावले, त्यांच्यावरच उभी आहे. आणि १९८६ साली म्हाडा कायद्यात अशी तरतूद आली की ७० टक्के रहिवाशांनी सोसायटी करून मागणी केली तर इमारत संपादित होऊ शकते, मोबदला महिन्याच्या भाड्याच्या शंभर पट. ४८ रुपयांची खोली, ४,८०० रुपये. गिरगावात. त्याविरुद्ध मालकांच्या संघटनेने लावलेला दावा सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठापर्यंत गेला आणि ५ नोव्हेंबर २०२४ला निकाल आला की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती धरता येणार नाही. तो निकाल मी वडिलांना वाचून दाखवला. ते रडले.

---

खेतवाडी

गिरगावकर, तुमच्या वडिलांबद्दल आदर ठेवून लिहितो. मी दुसऱ्या बाजूचा. माझ्या वडिलांनी १९७४ साली पागडी (भाडेहक्क मिळवायला द्यायची एकरकमी रक्कम) भरून दहा बाय बाराची खोली घेतली, तेव्हाची त्यांची अकरा वर्षांची बचत. ४८ रुपये भाडं एवढंच मालकाला मिळालं हे अर्धं आहे. खोली दुसऱ्याच्या नावावर होताना मालक तिसरा हिस्सा घेत आलेत, आमच्या मजल्यावर तीनदा घेतलाय. १९९९च्या कायद्याने पागडी घेणं-देणं कायदेशीरही केलं. संडास कॉमन, गळती चाळीस वर्षं, आणि आता पुनर्विकासाचं नाव निघालं की आम्ही फुकटे.

आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा (राज्यांनी ज्यावरून आपले कायदे करायचे तो नमुना) केंद्राने जून २०२१ला मंजूर केला तेव्हा आमच्याकडे रात्रभर बैठका झाल्या. तो फक्त पुढच्या करारांना लागू, जुन्या भाडेकरूंना धक्का नाही, असं केंद्राने सांगितलं होतं. तरी आमची म्हातारी माणसं झोपली नाहीत. कायदा बदलणार म्हटलं की आधी घर जाण्याची भीतीच येते.

---

गिरगावकर

तिसरा हिस्सा घेतला हे मान्य. लिहायला हवं होतं, राहिलं. माफ करा.

---

पेठेतली भाडेकरीण

मालकांचं बरंच झालं, भाडेकरू म्हणून लिहिते. आठ वर्षांत पाच घरं, चार पुण्यात, एक बंगळुरात. बंगळुरात दहा महिन्यांचं डिपॉझिट मागितलं होतं, वडिलांनी एफडी मोडली. परत मिळताना "रंगकाम" म्हणून एक महिन्याचं भाडं गेलं, भिंतीला खिळासुद्धा मारला नव्हता.

२०२१च्या त्या मसुद्यात मला एकच ओळ हवी आहे: राहत्या घराला जास्तीत जास्त दोन महिन्यांचं डिपॉझिट. दुकान-ऑफिसला सहा. शिवाय मालकाने घरात यायचं असेल तर चोवीस तास आधी कळवायचं. मी अंघोळीला गेले असताना मालकाने स्वतःच्या किल्लीने दार उघडलेलं आहे, म्हणून ही ओळ मला पाठ आहे. उत्तर प्रदेश, तमिळनाडू, आंध्र, आसाम यांनी या मसुद्याच्या धर्तीवर कायदे केले. महाराष्ट्र १९९९वर थांबला आहे, आणि आपल्या कायद्यात लायसन्सच्या डिपॉझिटला मर्यादाच नाही.

आणि "फक्त फॅमिली", "फक्त व्हेज", आडनाव ऐकून "घर आत्ताच गेलं", याला तर त्या मसुद्यातही उत्तर नाही. हे मालक स्वतः तोंडावर बोलत नाहीत. एजंटकडून बोलवून घेतात.

---

चावी (वाकड)

मी एजंट आहे. चौदा वर्षं वाकड-हिंजवडी पट्ट्यात. धागा तीन दिवस वाचतोय, लिहू की नको करत होतो.

उंबरठा ताई, तुमच्या बाबतीत झालं ती चोरी आहे. पोलिसात तक्रार द्या, मुलाकडचे मेसेज पुरावा म्हणून जोडा. चाळीस हजारासाठी कशाला, असा विचार करू नका. तो माणूस अजून कुठेतरी किल्ल्या घेऊन फिरत असेल.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर: आम्हाला कोणी विचारत नाही. नोंदणी झालेल्या गृहप्रकल्पातलं घर विकायला मदत करणाऱ्या एजंटला महारेराकडे (रेरा कायद्याखालचं राज्याचं गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) नोंदणी लागते, २०२३पासून परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं. मी दिली आहे. पण रेरात एजंटची व्याख्या विक्रीच्या व्यवहारापुरती आहे. फक्त भाड्याचं काम करणाऱ्याला काहीच नाही. उद्या सकाळी कोणीही कार्ड छापून उभा राहू शकतो. मालकाकडून एक महिना, भाडेकरूकडून एक महिना, हा दर कुठल्याही कायद्यात नाही, बाजाराने ठरवलेला.

नोंदणी ऑनलाइन झाल्यापासून आमच्या धंद्यात चांगला बदल झाला. पूर्वी उपनिबंधकाच्या दारात अर्धा दिवस जायचा, म्हणून मालक टाळायचे आणि आम्हीही टाळायला मदत करायचो. आता मशीन पिशवीत घालून रात्री नऊला घरी जातो, दोघांचे अंगठे घेतो. तरी नोटरीचा आग्रह धरणारे मालक अजून भेटतात. कधी भाडं कागदावर दिसायला नको असतं, कधी सोसायटीला कळायला नको असतं. सोसायटीबद्दल सांगतो, बिनवास्तव्य शुल्क (मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, २००१चा शासन निर्णय आहे. घर भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगीही लागत नाही, कळवायचं असतं. पोलीस ठाण्यालाही भाडेकरूची माहिती द्यायची असते, तिथेही परवानगीचा प्रश्न नाही. एवढं समजावून दिलं तर निम्मे मालक कागद करायला तयार होतात.

दोन महिने डिपॉझिटचं मात्र माझ्या मालकांच्या बाजूने बोलतो. भाडेकरू तीन महिने भाडं थकवून, वीजबिल ठेवून, फर्निचर मोडून गेला तर दोन महिन्यांत काय भागणार? मर्यादा आणायची तर घर लवकर परत मिळायची खात्री त्यासोबत पाहिजे. मसुद्यात ती आहे, वेगळं भाडे न्यायालय आहे, मुदतीनंतर पहिले दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट भाडं आहे. दोन्ही एकत्र आलं तर माझी हरकत नाही. नुसतं डिपॉझिट कापलं तर मालक पुन्हा कुलूप लावतील.

फॅमिलीबद्दल पेठेतल्या ताई बोलल्या ते खरं आहे. मी ते वाक्य फोनवर बोललेलो आहे, शेकडो वेळा. मालकाचं म्हणणं मी फक्त पोचवतो अशी स्वतःची समजूत घालत आलो. आता पटत नाही.

---

टेम्सकाठ (रेडिंग)

चावी यांचं वाचून इथली बाजू लिहावीशी वाटली. आमचं इथे एक छोटं घर भाड्याने दिलेलं आहे, आणि बाणेरला एक फ्लॅट. दोन्हीकडचा मालक.

इंग्लंडमध्ये एजंटला मोकळं सोडलेलं नाही. त्याला तक्रार निवारण योजनेत नाव घालावंच लागतं, ग्राहकांच्या पैशाला संरक्षण देणारी योजना २०१९पासून सक्तीची आहे. भाडेकरूकडून एजंटने फी घेणं १ जून २०१९पासून बंद. डिपॉझिट साधारण पाच आठवड्यांच्या भाड्याइतकंच घेता येतं, आणि ते मालकाकडे नुसतं पडून राहत नाही, तीस दिवसांत सरकारमान्य योजनेत नोंदवावं लागतं. नाही केलं तर डिपॉझिटच्या तिपटीपर्यंत भुर्दंड. उंबरठा ताईंचे चाळीस हजार इथे असे गायब झाले असते तर त्या एजंटवर दाद मागायला निदान एक दार होतं.

पण मालकाची खात्री इथे आता उलट्या दिशेने चालली आहे. ऑक्टोबर २०२५मध्ये नवा भाडेकरू हक्क कायदा मंजूर झाला. कारण न देता नोटीस देऊन घर रिकामं करून घ्यायची १९८८च्या कायद्यातली सोय, ज्याला सगळे कलम २१ म्हणतात, ती १ मे २०२६पासून रद्द. ठरावीक मुदतीचे करारही संपले, भाडेकरू दोन महिन्यांच्या नोटिशीवर जाऊ शकतो, मालकाला मात्र कारण लागतं. घर विकायचं असेल तर चालतं, पण पहिल्या वर्षात नाही, चार महिन्यांची नोटीस, आणि विकलं नाही तर बारा महिने पुन्हा भाड्याने देता येणार नाही. भाडं थकलं तर पूर्वी दोन महिन्यांवर सक्तीने ताबा मिळायचा, आता तीन. जाहिरातीतल्या भाड्यापेक्षा जास्त बोली एजंटने घ्यायची नाही. मुलं आहेत किंवा सरकारी मदत मिळते म्हणून नाकारायचं नाही.

यातलं पुष्कळसं मला न्याय्य वाटतं. आमच्या रस्त्यावरच्या एका कुटुंबाला मुलांची शाळा चालू असताना दोन महिन्यांत घर सोडावं लागलं होतं, कारण विचारायची सोय नव्हती. पण इथली कोर्टं सावकाश चालतात, आणि माझ्यासारखा एका घराचा मालक विकायचा विचार करतो, तो घाबरून.

पुण्या-मुंबईहून शिकायला येणाऱ्या मुलांच्या पालकांनी एक लक्षात ठेवावं. आपली मुलं इथला जामीनदार नसल्यामुळे सहा-सहा महिन्यांचं भाडं आगाऊ भरून खासगी घर मिळवायची. नव्या कायद्यात एका महिन्यापेक्षा जास्त आगाऊ मागताच येत नाही. हे भाडेकरूच्या भल्यासाठी केलंय, पण ज्याच्याकडे जामीनदार नाही त्याला एजंट दारातूनच परत पाठवण्याची भीती आहे. जामीनदाराची सोय निघण्याआधीच बघून ठेवा.

---

दस्त

टेम्सकाठ, बाणेरच्या फ्लॅटचा भाडेकरू टीडीएस (भाडं देतानाच त्यातून कापून सरकारकडे भरायचा कर) कापतो ना? मालक अनिवासी असेल तर भाडं कितीही कमी असो, कापावाच लागतो. निवासी मालकाला महिना पन्नास हजारांवर भाडं असेल तरच लागतो, आणि तिथे दर २ टक्के आहे. अनिवासीला ३० टक्क्यांच्या वर जातो. भाडेकरूला हे माहीत नसतं, आणि एजंट सांगत नाही कारण भाडेकरू पळेल अशी त्याला भीती. पुढे नोटीस येते ती भाडेकरूला.

---

टेम्सकाठ (रेडिंग)

नाही कापत. मला कोणी सांगितलंच नाही. आजच सीएंना फोन करतो.

---

उंबरठा (पुणे)

काल आईला सगळं सांगितलं. अपेक्षा होती की म्हणेल, कुलूप लाव. तिने विचारलं, "मुलाचे पैसे दिलेस ना?" दिले म्हटल्यावर गप्प बसली. मग दस्त यांनी कलम २४बद्दल लिहिलेलं मोठ्याने वाचायला लावलं, दोनदा. "हे तेव्हा असतं तर" एवढंच म्हणाली.

पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे. घर पुन्हा देणार आहोत, नोंदणी करूनच. डिपॉझिट दोन महिन्यांचंच घेणार, बँकेतूनच, आणि करारात व्यवहार क्रमांकासकट लिहिणार. पेठेतल्या ताईंचे चोवीस तासही करारात घालायला सांगितले आहेत, त्यासाठी नवा कायदा येण्याची वाट कशाला बघायची?

चावी, एक विनंती आहे. एजंटवर कायदा येईल तेव्हा येवो. तोवर त्याच्याकडून निदान एक कागद सही करून घ्यावा असं वाटतं. तुम्ही मजकूर सुचवाल का?

---

चावी (वाकड)

मी कालपासून माझ्याच ग्राहकांना द्यायला लागलो आहे. असा आहे:

"खाली नमूद केलेल्या सदनिकेच्या भाडेव्यवहारात मी मध्यस्थ आहे. मालकाकडून दलाली रुपये ____ आणि भाडेकरूकडून दलाली रुपये ____ मला मिळाली. याशिवाय डिपॉझिट, टोकन किंवा भाडं या नावाने दोघांपैकी कोणाचीही कोणतीही रक्कम माझ्याकडे नाही व मी रोख स्वीकारलेली नाही. घराच्या ____ किल्ल्या माझ्याकडे होत्या, त्या सर्व आज भाडेकरूच्या ताब्यात दिल्या."

खाली माझी सही, आधारचे शेवटचे चार आकडे, तारीख. तीन प्रती, मालक, भाडेकरू आणि मी. किल्ल्यांचा आकडा लिहायला विसरू नका.

---

उंबरठा (पुणे)

तीन प्रती काढल्या. किल्ल्या चार आहेत, एक आईकडे होती, तीही तिने आज काढून दिली.